दोन ते चारचा उंचवटा

१

रोज सकाळी दहाला दक्षता वागळे इस्टेटमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात शिरायची, पंखा पाचवर करायची आणि पृथ्वी आणखी किती तापली ते बघायला बसायची. कॉम्प्युटर रात्रभर गणितं करत राहायचे. सकाळी तिच्यापुढे पुढची पाऊणशे वर्षं तयार असायची.

काम समजायला सोपं होतं. ठाण्याच्या खाडीपासून कल्याणपलीकडे मोहन्यापर्यंतचा पट्टा एकेका किलोमीटरच्या चौकोनांत कापलेला. प्रत्येक चौकोन एक तर जमीन, नाहीतर पाणी. जमीन लवकर तापते, लवकर निवते, तिची रेघ करवतीसारखी दातेरी येते. पाणी सावकाश तापतं आणि घेतलेली ऊब सहजी सोडत नाही, त्याची रेघ सपाट. चौकोन निम्मा-निम्मा असेल तर ज्याचा वाटा जास्त त्याचं नाव द्यायचं. तेवढं माणसाने ठरवून दिलं की पुढचं गणित आपलं आपण चालतं.

मे महिन्यातल्या त्या सोमवारी बाळकुमच्या चौकोनाची रेघ सपाट आली.

अहवालाचा शेवटचा तुकडा २०७१ सालापासून सुरू होत होता आणि त्या सालचा मे दर दहा मिनिटांनी काढलेला होता. शेजारचे सगळे चौकोन दातेरी. बाळकुम मात्र दिवसा तेहेतीस, रात्रीही तेहेतीस.

अनिश खुर्ची सरकवत आला. हा डोंबिवलीचा, आणि डोंबिवलीचा असल्यामुळे उकाड्याबद्दल बोलायचा हक्क फक्त आपल्यालाच आहे असं मानणारा. "हे तुझंच घर ना? जाहिरात देऊन टाक. सी व्ह्यू. तोही थेट मोरीतून."

"तुझी खूण उलटी पडली असेल," ती म्हणाली.

"माझी? बाळकुम तू भरलंयस, मॅडम."

तिने तपासलं. बाळकुम: जमीन. तिनेच फेब्रुवारीत भरलं होतं. चौकोन काठावरचा होता, पण खाजणात भराव टाकून टॉवर उठले होते, ते सगळं तिने जमिनीत धरलं. घरी हे सांगितल्यावर तिचे वडील गुणाजी म्हणाले होते, "भराव तो भराव. त्याला जमीन म्हनू नको." त्यावर ती फिस्कारली होती, "बाबा, तिथे बावीस मजल्यांचा टॉवर उभाय. तो काय पोहतोय?"

त्यांच्या वरिष्ठ सुमेधा मॅडमनी रेघेचा प्रिंट काढून खिडकीच्या उजेडात धरला. त्या साठीच्या, आणि अजून प्रत्येक आलेख ट्रेसिंग पेपरवर काढून दुसऱ्यावर ठेवून बघायच्या. दक्षताला ही पद्धत म्हणजे वेळेचा खून वाटायची.

"सपाट म्हणतेस, पण पूर्ण सपाट नाहीये ही," मॅडम म्हणाल्या. "दिवसातून दोनदा फुगते आहे. आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा."

दक्षता खाडीकाठी जन्मलेली. तिला ते मॅडमच्याही आधी कळायला हवं होतं. दिवसातून दोनदा, रोज पन्नास मिनिटं उशिरा. भरती.

"शक्यच नाही," ती म्हणाली. "आपल्या मॉडेलमध्ये चंद्रच नाहीये."

"म्हणूनच आधी मापन बघ. तुझ्या घरी यंत्र लावलं आहेस ना? शुक्रवारी अहवाल जायचा आहे."

२

यंत्र लावून महिना होत आला होता. काडेपेटीएवढी पांढरी डबी, दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवून तिच्या फोनवर पाठवणारी. तिला सावली आणि खेळती हवा हवी. अशी जागा त्यांच्या बैठ्या घरात एकच होती: पडवीतला कोनाडा.

कोनाड्यात गुणाजींची तांब्याची छोटी कळशी असायची, खाडीच्या पाण्याने भरलेली. दर अवसेला, उधाणाच्या भरतीला जाऊन ते जुनं पाणी सोडत आणि नवं आणत. भरावावर घर बांधलं तेव्हापासून हे चालू होतं. विचारलं तर खाडीला आपल्या बोलीत खारी म्हणत सांगत, "खारीची जागा घेतली, तर खारीला बसायला घरात जागा देयाला नको?" बस, एवढंच. पूजा नाही, हळद-कुंकू नाही.

पण यंत्राशेजारी पाण्याचं भांडं असलं की मापन बिघडतं. हे काही मत नव्हे, साधं भौतिकशास्त्र. गेल्या अवसेला दक्षताने कळशी मोरीत उपडी केली, घासली आणि माळ्यावर टाकली. तिने भांडणाची पूर्ण तयारी ठेवली होती. गुणाजी आले, कोनाड्यातल्या डबीकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बरं."

त्या "बरं"चा तिला तेव्हा फार आनंद झाला होता. आई गेल्यापासून सहा वर्षांत बाबांनी ऐकलेली तिची ही पहिली गोष्ट.

सोमवारी संध्याकाळी ती घरी आली. बाळकुम नाक्यापासून चालताना डांबर चपलेला चिकटत होतं. पडवीची पायरी चढली आणि ती थबकली. ऊन आणि सावलीत फरक असतोच. पण इथे तो घोट्यापासून सुरू होऊन गुडघ्यापर्यंत चढला, मग कमरेपर्यंत, ती आत जाईल तसतसा. पाण्यात उतरल्यावर चढतो तसा.

"बाबा, तुला उकडत नाही?"

"नाय गो. महिनाभर नाय उकरला." गुणाजी खाटेवर बसून जाळ्याची गाठ सोडवत होते. होडी विकून तेरा वर्षं झाली होती, तरी हाताला चाळा लागे. "बरा वाटतंय. जड वाटतंय जरा, पन बरा."

शेजारच्या टॉवरमधून एसींचा एकसुरी घूं-घूं आवाज येत होता. पडवीत मात्र तो फार लांबून आल्यासारखा ऐकू येत होता, कान बुडल्यावर येतो तसा.

३

मंगळवारी तिने महिन्याभराच्या नोंदी काढल्या. आपल्या घरची रेघ सपाट होती. दोनदा फुगणारी.

ठीक. पडवीत खाडीचं वारं येतं, पत्र्यावर टॉवरची सावली पडते, भिंती जाड आहेत. तिने कारणं कागदावर लिहून काढली. सात झाली. सातही चांगली होती. एकानेही रेघ सपाट होत नव्हती.

शेवटी तिने मॅडमचा ट्रेसिंग पेपर घेतला. घरची या मेची रेघ त्यावर काढली आणि २०७१च्या मेवर ठेवली. मग कोपरे जुळलेत ना ते पाहिलं, कारण दोन रेघा दिसत नव्हत्या. एकच दिसत होती.

"अनिश, तू घरचं मापन मॉडेलला घातलंस?"

"भविष्याला आजचं मापन कुठून घालणार? दार तरी आहे का त्याला?"

खरं होतं. मग तिला ते बारीक उंचवटे दिसले. सपाट रेघेवर रोज सकाळी सात ते नऊ एक, आणि दुपारी दोन ते चार एक जरा मोठा. भरती मागेपुढे व्हायची, हे जागचे हलत नव्हते. सात ते नऊ ती स्वतः कोनाड्याखाली लॅपटॉप घेऊन चहा पीत बसायची. दोन ते चार गुणाजी तिथेच खाटेवर झोपायचे. माणसाच्या अंगाची ऊब. डबीने ती टिपली, त्यात नवल नव्हतं.

पण २०७१च्या रेघेतही ते दोन्ही उंचवटे होते. गणितात चंद्र नव्हता, पडवी नव्हती, खाट नव्हती आणि गुणाजी तर नव्हतेच.

तिने पट्टी घेतली. दुपारचा उंचवटा महिन्याच्या सुरुवातीला अर्ध्या अंशाचा. मग रोज थोडा कमी. आज, मंगळवारी, जेमतेम एक दशांश. घरची रेघ आजपाशी संपत होती, मॉडेलची पुढे जात होती. बुधवारी केसभर. गुरुवारी दुपारनंतर रेघ एकदम दातेरी झाली, चारचौघींसारखी, जमिनीची.

"बघ, आपोआप सुधारली," अनिश म्हणाला. "गुरुवारपासून जमीन. काही तरी गोंधळ असतो सुरुवातीला, मग बसतो."

तिने रेघेवरून पुन्हा बोट फिरवलं. गुरुवारपासून दोन ते चारचा उंचवटा नव्हता.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकटीत काळा गोल होता. अमावस्या.

४

"तू ये डॉक्टरकडे," त्याच दुपारी ऑफिसातून परतून ती बाबांना म्हणाली.

"कनाला?"

"मी सांगते म्हणून."

डॉक्टरांनी नाडी बघितली, पुन्हा बघितली, मग मशीन लावलं. ठोके सावकाश होते, पण या वयात चालायचंच. ताप? "ताप नाहीये. उलट..." त्यांनी थर्मामीटर झटकला. "हा बिघडलाय बहुतेक."

घरी येताना रिक्षात ती बाबांच्या अंगाला चिकटून बसली होती. मेची दुपार, रेक्झिनची सीट, आणि तिच्या डाव्या दंडाला काहीच लागत नव्हतं. गरम नाही, गार नाही. शेजारी कोणी बसलेलंच नसावं तसं.

बुधवारी सकाळी तिने मॅडमनी दिलेलं दुसरं यंत्र पहिल्याच्या शेजारी ठेवून पाहिलं. दोन्ही सारखंच बोलत होती. ती चिडली. स्वतःवर, यंत्रांवर, आणि मग जवळ होते म्हणून बाबांवर.

"आपण मोहन्याला जातोय. मालन आत्याकडे. उद्या सकाळी."

"उद्या अवस हाय."

"म्हणूनच."

"खारी सोरून मी कवा रायलोय? मोहन्याला तर नदी. तिथं भरतीबी नाय."

"म्हणूनच म्हणते ना. बाबा, आयुष्यभर तू हे नको, ते नको, हे असंच करतात, ते तसंच असतं. एकदा, फक्त एकदा, विचारू नको आणि ऐक."

गुणाजींनी तिच्याकडे बघितलं. हसले. "मागच्या अवसेला आयकला ना तुजा," ते म्हणाले. "आनखी एकदा आयकतो."

तिला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. लागला असता तरी तिने तो लावून घेतला नसता. तिचं सगळं लक्ष एका गोष्टीवर होतं: गुरुवारी दुपारी दोन वाजता त्या कोनाड्याखाली तिचा बाप झोपलेला असता कामा नये.

५

मालन आत्याचं घर मोहन्यात, बंद पडलेल्या रेयॉन कारखान्याच्या जुन्या वस्तीत. वर सिमेंटचे पत्रे, दुपारी बाराला खोलीची भट्टी. आत्याने दार उघडलं आणि भावाला बघून तोंडाला पदर लावला.

"कवरा सुजलायस रे गुना."

"सुजलो नाय. भरलोय," गुणाजी म्हणाले आणि आत जाऊन लादीवर आडवे झाले.

एक वाजला. दीड वाजला. बाळकुमला आता उधाणाची भरती असणार, पण इथून खाडी दूर होती. दक्षता दाराच्या चौकटीत फोन घेऊन बसली. घरातलं यंत्र, कुलूपबंद पडवीतलं, नोंदी पाठवत होतं. सकाळी अकरापर्यंत तेहेतीस. बाराला पस्तीस. एकला अडतीस. रेघ वर चढत होती, जमिनीसारखी.

दोन वाजले. पडवीत माणूस नव्हता, म्हणून उंचवटा नव्हता.

तिला हसू आलं, मग जोरात आलं. एवढंच होतं तर. गुरुवारी उंचवटा नाही, कारण गुरुवारी मी त्याला तिथून हलवणार होते. तीन दिवस मी माझ्याच सावलीला घाबरत होते.

"काय झाला गो?" आत्याने विचारलं. ती पदराने वारा घेत होती. मग तिचा हात हळूहळू थांबला. "दक्षता, तुना पन गार लागला काय एकदम?"

पंखा तोच होता, पत्रे तेच. दारातल्या उन्हात दक्षताचा पाय पोळत होता. आत ठेवलेला हात मात्र पोळत नव्हता.

दुसरं यंत्र तिच्या पिशवीत होतं. तिने ते काढून बाबांच्या डोक्याशी, स्टुलावर ठेवलं. आकडा एकोणचाळीस होता. बघता बघता तो खाली आला. सदतीस. पस्तीस. तेहेतीस. तिथे थांबला.

शेजारी स्टीलच्या पेल्यात आत्याने भावासाठी ठेवलेलं पाणी होतं, अर्धं. ते काठापर्यंत आलं होतं. सांडलं नाही. काठावर जरासं फुगून तसंच राहिलं.

६

फोन वाजला. अनिश.

"अगं, कुठे आहेस? मॅडम विचारतायत. ऐक, बाळकुम सुधारलं म्हटलं ना, तर काल रात्रीच्या नव्या गणितात तीच घाण दुसरीकडे आलीय. मोहने. आजपासून सपाट. तिथे कुठून आला समुद्र?"

"अनिश, मोहन्याच्या रेघेवर दुपारी उंचवटा आहे?"

"नाही. एकदम गुळगुळीत." कागदाची सळसळ. "ही शनिवारपर्यंतच आहे पण. शनिवारी मोहने परत जमीन आणि बाळकुम परत पाणी. मॅडमनी ट्रेसिंग लावलंय. त्या म्हणतात तो दोन ते चारचा उंचवटा होता ना तुझा लाडका, तो शनिवारी परत आलाय. पूर्ण अर्धा अंश. महिनाअखेरपर्यंत ठणठणीत."

तिने डोळे मिटले. लादीच्या गारव्यात तिला श्वास ऐकू येत होता. आत जायला फार वेळ, बाहेर यायला फार वेळ.

"आणि सकाळचा?" तिने विचारलं. "सात ते नऊचा?"

"आहे की. पण तो आता रोज बारीक होत चाललाय. आधी नव्हता होत. एकतीस तारखेला जवळजवळ दिसतच नाही. हे कशाने होत असेल गं?"

तिने फोन खाली ठेवला. अनिशचा आवाज लादीवर "हॅलो, हॅलो" करत राहिला आणि मग बंद झाला.

"बाबा."

गुणाजींनी डोळे उघडले. बुबुळं होती त्याच जागी होती, पण त्यांच्यामागे काहीतरी मागेपुढे होत होतं, सावकाश, उजवीकडून डावीकडे. ती बघत राहिली, मग तिने नजर पायांकडे वळवली. पाय ओळखीचे होते. चिखलाने कायमची काळी पडलेली नखं.

"मोरीत वतलास ना," ते म्हणाले. रागाने नाही. उद्या पाणी येणार नाही, भरून ठेव, असं सांगावं तसं. "खारी कुठं बसल? मी म्हनलो, तवर माज्यात बस."

"मी कळशी आणते. आत्ताच्या आत्ता जाते. भरून परत कोनाड्यात ठेवते, यंत्र काढून टाकते. बाबा, ऐकतोयस ना?"

"कलशीत आता मावत नाय गो." त्यांना धाप लागली. "वारलाय पानी. पैल्यापेक्षा वारलाय."

पाणी वाढलंय हे तिला ठाऊक होतं. अहवालाच्या चौथ्या पानावर तिनेच लिहिलं होतं: तापलेलं पाणी फुगतं आणि अधिक जागा मागतं. खाली तक्ता जोडला होता.

मालन आत्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी होती. खाडीकाठच्या माहेरची होती ती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले, अगदी घट्ट.

दक्षताने ते पाहिलं. तिला आत्याचा राग आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला एका म्हाताऱ्या माणसाचा राग आला नाही.

अजून एक कारण असेल, तिने स्वतःला बजावलं. यंत्र बिघडलेलं, बाबा आजारी, खोली बंद, दमट हवा. आठवं कारण, नववं. तिने खरोखर मोजायला सुरुवात केली. स्टुलावरचा आकडा तेहेतीसवरून हलत नव्हता. दोन श्वासांमधलं अंतर तेवढं वाढत होतं.

"तुना नाय जमाचा," गुणाजी पुटपुटले. "तू तापट."

"जमीन आहे मी," ती म्हणाली. "लवकर तापते." मग ती नेहमीसारखीच खेकसली, "सरक जरा. हात दे इकडे."

त्यांनी हात मागे घेतला. तिने तो ओढून धरला.

आधी काहीच लागलं नाही. मग घोट्यापाशी काहीतरी आलं आणि वर चढू लागलं, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. आत्या काहीतरी बोलत होती, आणि तो आवाज फार लांबून येत होता.

तिच्या तळव्यात बाबांचा हात हळूहळू गरम व्हायला लागला.